तीन मीटर साठ

उत्तर आलं ते साध्या पाकिटातून, एका पानाचं. शेवटची ओळ अशी : ‘तथापि, माणुसकीच्या नात्याने आपणास रु. ३००/- परत करण्यात येत आहेत.’

माझा जन्म केळीच्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्यात गेला. पट्टीत दहा किलोचा घोळ दिसला तर कंदरचा शेतकरी जेऊरपर्यंत येऊन भांडतो, आणि बरोबरच करतो. त्यामुळे भरलेल्या दंडाच्या पाचशेतून तीनशे गेले की दोनशे उरतात, ते कुठल्या खात्याला टाकायचे, हा प्रश्न मला सगळ्यांत आधी पडला. चूक माझी असेल तर पाचशेच्या पाचशे ठेवा. चूक तुमची असेल तर पाचशे परत करा. साठ टक्के माणुसकी आणि चाळीस टक्के दंड हे कुठलं गणित? चाळीस टक्के हा आकडा तसा आम्हा मंडळींच्या ओळखीचा. तेवढं अपंगत्व प्रमाणपत्रावर आलं की सरकारदरबारी आमची दखल सुरू होते. पण ती टक्केवारी दंडाला लावलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

झालं ते थोडक्यात सांगतो. लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर आणि काखेत एक कुबडी, हा माझा कायमचा पोशाख. तपासण्यांसाठी वर्षातून तीन-चारदा सोलापूरला जावं लागतं. गाडी पुतण्याची, चालवतोही तोच. तपासणीची जागा एका नव्या व्यापारी संकुलात आहे. संकुलाचं नाव लिहीत नाही, कारण भांडण त्या एका इमारतीपुरतं नाही. खाली पैसे घेऊन गाड्या लावू देणारा ठेकेदार. लिफ्टच्या दाराशी जमिनीवर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र काढलेलं. त्या चित्रावर त्या दिवशी पाण्याचे जार रचलेले होते, दोन मोटारसायकली होत्या आणि चौकीदाराची प्लास्टिकची खुर्ची. चित्रातल्या खुर्चीवर खरी खुर्ची ठेवली होती, एवढं मात्र जुळून आलं होतं.

पुतण्यानं गाडी त्या जागेच्या तोंडाशी, आखलेल्या पट्ट्यांच्या बाहेर उभी केली. मी उतरलो, तो मला घेऊन वर गेला. तासाभरानं खाली आलो तर पुढच्या चाकाला जॅमर आणि वायपरखाली पावती : ‘चुकीच्या जागी वाहन, दंड रु. ५००.’ जॅमर लावणारा पोरगा विशीतला असेल. माझी कुबडी बघून तो ओशाळला. ‘‘काका, मला काय म्हाईत? गाडीत कोण आलतं ते दिसलंच न्हाई. साहेबांनी सांगितलंय, पट्ट्याभाईर दिसली की लावायचा.’’ त्याच्यावर माझा राग नाही. मी कॅलिपरची कडी लावून भिंतीला टेकून उभा राहिलो. पाचशे भरल्यावर त्यानं जॅमर काढला आणि मला गाडीत बसताना हात दिला. घरी येऊन मी ठेकेदाराकडं तक्रार लिहिली, आणि वर सांगितलेलं त्याचं उत्तर आलं.

उत्तरातला पहिला मुद्दा असा की गाडी दिव्यांग व्यक्तीची नाही आणि चालक धडधाकट होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्यांचा इथं संबंध काय? जेऊरहून टेंभुर्णीमार्गे सोलापूरला जाताना वरवडे आणि सावळेश्वर असे दोन टोलनाके लागतात. दोन्हीकडं आम्ही मुकाट पैसे भरतो. टोलची माफी अपंग माणसाच्या वापरासाठी खास बनवलेल्या वाहनाला आहे, आणि पुतण्याची गाडी कंपनीतून आली तशीच आहे. तो नियम वाहनाचा, म्हणून आम्ही तिथं माझं अपंगत्वाचं कार्ड बाहेर काढत नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मात्र माणसाबद्दल बोलतो. दाराजवळची जागा चालायला त्रास होणाऱ्या माणसासाठी आहे. तो गाडी चालवत येवो, शेजारच्या सीटवर बसून येवो किंवा रिक्षातून येवो. ज्याला गाडी चालवताच येत नाही असा अपंग माणूस तुमच्या हिशेबात बसत नसेल, तर सर्वांत जास्त गरज असलेलाच तुम्ही बाहेर काढलात.

पुढं लिहिलंय, ‘वाहनाच्या दर्शनी भागात दिव्यांगत्वाचा कोणताही पुरावा लावलेला नव्हता.’ हे वाक्य वाचून मी खरंच पाकीट उघडून बघितलं. माझ्याकडं केंद्र सरकारचं यूडीआयडी कार्ड आहे, त्यावर पिवळी पट्टी. चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यानच्यांना पिवळी, त्यावरच्यांना निळी. ते माझं ओळखपत्र आहे. लिफ्टमध्ये, तपासणीच्या खिडकीवर, सगळीकडं ते माझ्याबरोबर लागतं. ते काचेवर ठेवून मी वर कसा जाऊ? गाडीच्या काचेवर लावायचा सरकारी बिल्ला मला आजवर कुणी दिलेला नाही. ऑक्टोबर २०२० पासून गाडीच्या नोंदणीत मालक दिव्यांग असल्याची नोंद करता येते, पण ती मालकाची. मी मालक नाही. राहता राहिला रेडियमवाला. त्याच्याकडं चाकाच्या खुर्चीचं स्टिकर किरकोळ पैशांत कुणालाही मिळतं. ते लावलं असतं तर माझी गाडी सुटली असती काय? सुटली असती, तर तुम्ही अपंगत्व तपासत नाही, स्टिकर तपासता.

इंग्लंडमध्ये असा बिल्ला आहे. १९७१ मध्ये तो नारिंगी रंगाचा सुरू झाला, २००० साली निळा झाला. तो माणसाच्या नावानं मिळतो. त्यामुळं आज मुलाच्या गाडीत, उद्या शेजाऱ्याच्या गाडीत, जिथं तो माणूस तिथं बिल्ला. माझ्या एका व्यापाऱ्याची मुलगी तिकडं असते. माझी हकीकत ऐकून ती हसली आणि म्हणाली, ‘‘अण्णा, आमच्याकडं बिल्ला असूनही हेच होतं.’’ सासूबाईंचा निळा बिल्ला काचेवर असताना सुपरमार्केटच्या आवारात त्यांना खाजगी कंपनीची नोटीस लागली होती. तिथली एक गंमत तिनं सांगितली. नगरपालिकेच्या दंडाचं नाव ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ आणि खाजगी कंपनीच्या मागणीचं नाव ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोन्हींचं लघुरूप पीसीएन. पाकीटही बघताक्षणी सरकारीच वाटावं असं. निम्मे लोक घाबरूनच भरत असावेत.

माझ्या विरुद्ध जाणारी गोष्ट आधी मीच सांगून टाकतो, म्हणजे ती शोधण्याचे कष्ट कुणाला पडू नयेत. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं अशाच एका खाजगी कंपनीचा ८५ पौंडांचा आकार वैध ठरवला. चेम्सफर्डच्या बाजारसंकुलात दोन तास गाडी फुकट लावता येत होती. बॅरी बीव्हिस नावाचे गृहस्थ ५६ मिनिटं जास्त थांबले आणि शेवटपर्यंत लढून हरले. तेव्हा ‘खाजगी माणसाला पैसे मागताच येत नाहीत’ असं सरसकट मी म्हणणार नाही. जागा अडवून बसणाऱ्याला आळा हवाच. पण बीव्हिस यांना तिथं शिरतानाच मोठ्या अक्षरांत नियम दिसत होते आणि ते पाळायला त्यांना कसलीच अडचण नव्हती. नियम पाळायची जागाच मालकानं जारांनी भरून टाकलेली नव्हती. शिवाय तिकडं २०१० च्या समानता कायद्यानं खाजगी सेवा देणाऱ्यावरही अपंग ग्राहकासाठी वाजवी फेरबदल करायचं बंधन आहे. आणि जॅमरबद्दल सांगायचं तर इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी जमिनीवर कुणाच्या गाडीला तो लावणं २०१२ पासून गुन्हा आहे. स्कॉटलंडच्या न्यायालयानं तर १९९२ मध्येच त्याला खंडणी म्हटलं. ठेकेदार मंडळींनी तिकडून जॅमर आणला, निकाल तिकडंच राहिला.

आता आपल्याकडं. उत्तरात मोठ्या तोऱ्यानं म्हटलंय, ‘सदर जागा खाजगी मालकीची आहे.’ जेऊरच्या स्टँडवर चहा पिताना माझ्या बाजूच्या माणसांनाही हा मुद्दा बिनतोड वाटला. ‘‘अण्णा, त्याची जागा हाय, त्यानं काय बी करावं. तुमच्या वखारीत कुणी गाडी लावली तर तुम्ही चालवून घ्याल का?’’ नाही घेणार. पण वखारीची जागा आम्ही पैसे मोजून घेतली. संकुलाच्या पार्किंगची गोष्ट वेगळी आहे. गाड्या उभ्या करायची सोय दाखवल्याशिवाय अशा इमारतीचा नकाशा मंजूर होत नाही. आणि ती सोय दाखवली की तेवढं बांधकाम चटई क्षेत्रात मोजलं जात नाही. म्हणजे गाळे विकायला जेवढं बांधता येतं त्यात पार्किंगमुळं एक फूटही कमी होत नाही. समाजानं ही मोकळीक कशासाठी दिली? येणाऱ्याच्या गाडीनं रस्ता अडू नये म्हणून. परवानगी घेताना जी जागा लोकांसाठी होती ती भोगवटा प्रमाणपत्र हाती पडल्यावर एकदम खाजगी कशी होते? गुजरात उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये याच धर्तीवर मॉलवाल्यांना पार्किंगचे पैसे घेण्यापासूनच अडवलं होतं. मी तेवढंही म्हणत नाही. तासाचे पैसे घ्या. मी दिलेही आहेत, त्याची पावती वेगळी आहे.

त्या नकाशात आणखी एक गोष्ट असते, आणि खरं भांडण तिच्यावरच आहे. राज्याची २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली सांगते की प्रवेशदारापासून जास्तीत जास्त ३० मीटरच्या आत अपंगांसाठी दोन मोटारींची जागा हवी आणि तिची रुंदी किमान ३.६० मीटर हवी. बाकीच्यांसाठी मोठ्या गाडीला अडीच बाय पाच मीटर, छोटीला दोन पूर्णांक तीन बाय साडेचार. ३.६० हा आकडा कुठून आला, हे दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, बिचाऱ्याला ऐसपैस दिलंय.

मी गाडीतून कसा उतरतो ते सांगतो. बसलेलो असताना कॅलिपरची गुडघ्याजवळची कडी वर सरकवलेली असते, म्हणून पाय दुमडतो. उतरताना आधी दार पूर्ण उघडायचं. मग अंग वळवून डावा पाय दोन्ही हातांनी उचलून बाहेर काढायचा आणि सरळ ताणायचा. सरळ झाला की कडी खाली पडते, खट्ट आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय वजन टाकायचं नाही. टाकलं तर गुडघा मोडतो आणि माणूस तोंडावर जातो. दोनदा गेलोय, समोरचा एक दात नकली आहे. सरळ ताणलेला पाय, त्याच्या पुढं कुबडी टेकायला हात-दीड हात, आणि उघडलेलं दार. आमची छोटी गाडी सुमारे एक मीटर साठची. दोन मीटर तीसच्या खणात ती उभी केली की दोन्ही बाजू मिळून सत्तर सेंटिमीटर उरतात. सत्तर सेंटिमीटरमध्ये दारच पुरतं उघडत नाही, पायाचं सोडा. तीन मीटर साठमध्ये दोन मीटर उरतात, तेवढ्यात मी उतरतो. चाकाच्या खुर्चीवाल्यालाही साधारण तेवढीच लागते. कुणाचं मन द्रवल्यामुळं हा आकडा पडलेला नाही. शिंपी छाती मोजतो तसा तो मोजून काढलेला आहे.

म्हणून उत्तरातलं ‘आवारात इतर जागा उपलब्ध होत्या’ हे वाक्य मला सर्वांत जास्त झोंबलं. होत्या ना. प्रत्येक जागा दोन मीटर तीसची. म्हणजे तिथं लावली असती तर मला गाडीतच बसून राहावं लागलं असतं, आणि माझं रक्त काढायला पुतण्याला वर पाठवावं लागलं असतं.

‘ही केवळ मार्गदर्शक तत्त्वं आहेत’ असंही एका ओळीत सुचवलंय. यांना बातम्या उशिरा पोचतात असं दिसतं. मुंबईत मानवी हक्कांचं काम करणाऱ्या, दृष्टिहीन असलेल्या राजीव रतुरी यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं तिच्यात निकाल दिला. त्याआधी न्यायालयानं हैदराबादच्या नालसार विधि विद्यापीठाकडून देशभरातल्या सोयींची पाहणी करवून घेतली होती. दिव्यांग हक्क कायद्यात सुगम्यता बंधनकारक आहे, आणि त्याखालच्या २०१७ च्या नियमांतला पंधरावा नियम तिला नुसत्या शिफारशींवर आणून ठेवतो, म्हणून तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला गेला. केंद्रानं तीन महिन्यांत सक्तीची मानकं करावीत असंही सांगितलं. तुमचा बचाव ज्या खांबाला टेकला होता तो खांबच न्यायालयानं काढून टाकला आहे. आणि ‘आम्ही सरकारी नाही’ हे म्हणायची सोय तर कायद्यानं पहिल्यापासूनच ठेवलेली नाही. सेवा देणारा सरकारी असो वा खाजगी, नियम निघाल्यापासून दोन वर्षांत त्यानं सोय करायची होती. नियम निघाले १५ जून २०१७ ला. मुदत कधीच उलटली. कायदा मोडल्यास पहिल्या खेपेला १० हजारांपर्यंत दंड, पुढं ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. हा खरा दंड, कायद्यातला. वायपरखाली खोचलेला नव्हे.

पावतीच्या मागं बारीक अक्षरांत छापलेल्या अटींचा आधारही उत्तरात घेतलाय. ती अक्षरं मी भिंग लावून वाचली. ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ पासून ‘व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम’ पर्यंत सगळं आहे. पहिल्या अटीबद्दल एवढंच सांगतो की १९९८ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या ताब्यात दिलेली एक मारुती झेन चोरीला गेली. ‘मालकाच्या जोखमीवर’ असं पावतीवर छापलेलं असूनही २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हॉटेललाच जबाबदार धरलं. छापलं म्हणजे झालं असं नसतं. दंडाचंही तेच. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत. भरपाई म्हणजे कुणाचं तरी काहीतरी भरून द्यायचं. माझ्या गाडीनं कुणाचं काय सांडलं? जारवाल्याला जार काढायला वळसा पडला असेल, तर त्याच्या वळशाचे पैसे मी द्यायला तयार आहे. त्यानं बिल पाठवावं.

स्टँडवरच्या मंडळींचा दुसरा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो, कारण तो आपल्या माणसांचा आहे. ‘‘तुम्हाला एसटीत पंचाहत्तर टक्के सवलत, रेल्वेत सवलत. आता गाडी लावायला बी पुढची जागा पाहिजे?’’ एसटीची सवलत मी घेतो आणि तिच्याबद्दल कृतज्ञ आहे. पण सवलत तिकिटावर मिळते, पायरीवर मिळत नाही. पाव भाड्याचं तिकीट हातात असलं तरी एसटीची पहिली पायरी तेवढ्याच उंचीवर असते. चढायला दोन माणसं लागतात, आणि चढवणाऱ्यांच्या बोलण्यात ‘बसा आता’ असा सूर असतो. पैशाची सवलत आणि पोचण्याची वाट या दोन वेगळ्या खात्यांतल्या रकमा आहेत. एकीची जमा दुसरीच्या नावे टाकणाऱ्या मुनिमाला व्यापारी दुसऱ्या दिवशी ठेवणार नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंगांची नोंद आहे. तुमच्या संकुलात ते दिसत नाहीत, याचं कारण ते नाहीत असं तुम्हाला वाटतं. ते वाटेत कुठंतरी थांबलेले आहेत.

‘‘आजकाल खोटी सर्टिफिकेटं लई झालीत’’ हेही ऐकलं. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याचं प्रकरण गाजल्यापासून तर माझ्या कॅलिपरकडंही लोक बारकाईनं बघतात, प्लास्टिकचा तर नाही ना म्हणून. खोटेपणानं लाभ घेणाऱ्याला दिव्यांग हक्क कायद्यातच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. जरूर लावा. मला तर त्यांचा तुमच्यापेक्षा जास्त राग आहे, कारण त्यांच्या चोरीची झडती माझी होते. पण त्या निळ्या चित्रावर त्या दिवशी खोट्या प्रमाणपत्राचा कुणी नव्हता. जार होते.

राहता राहिली माणुसकी. तो शब्द मी टाकून देणार नाही. जॅमर काढून मला हात देणाऱ्या पोराकडं ती होती, आणि त्यासाठी त्याला ठेकेदाराचं पत्र लागलं नाही. व्यवस्थापनाकडून मला ती नको आहे. व्यवस्थापनानं जार हलवावेत.

तीनशे रुपये मी परत पाठवले आहेत. माझ्या उत्तरात लिहिलं, की रक्कम अपुरी असल्यानं स्वीकारता येत नाही. पूर्ण पाचशे, आणि जागा मोकळी केल्याचं लेखी कळवावं. त्याची एक प्रत पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं टाकली आहे, सोबत पावती आणि पुतण्यानं मोबाइलवर काढलेला जारांचा फोटो. फोटोत रुंदी नीट कळत नाही ही त्यातली उणीव माझ्या नंतर लक्षात आली. पुढची तपासणी महिनाअखेरीला आहे. पुतण्याला सांगून ठेवलंय, येताना गवंड्याकडून टेप मागून आण, पाच मीटरचा.